नर्सचं नेतृत्व, हॉस्पिटलची गुणवत्ता आणि रुग्णाची काळजी: पुण्यातून वारंवार येणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या हॉस्पिटलांतल्या सिस्टर, ब्रदर, इन्चार्ज, मेट्रन आणि छोट्या नर्सिंग होमचे डॉक्टर-मालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एकच उत्तर दोनदा द्यावं लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. जिथे ‘सिस्टर’ लिहिलंय तिथे ब्रदरही धरावेत.

१. नर्सची भूमिका वाढवायची म्हणजे तिला आणखी एक रजिस्टर भरायला द्यायचं का?

नाही. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी होतं मात्र तेच. नवं रजिस्टर येतं, जुनं कुणी बंद करत नाही, आणि सिस्टरची पाळी अर्ध्या तासाने लांबते.

जो निर्णय आजवर दुसऱ्या कुणाची वाट बघत पडून राहायचा, तो लेखी नियमाच्या आधारे नर्सने घ्यायचा, याला भूमिका वाढणं म्हणतात. गरज संपलेला लघवीचा कॅथेटर (नळी) काढणं, सेंट्रल लाइन (मोठ्या नसेत घालायची नळी) टाकताना निर्जंतुक चादर नीट घातली नसेल तर प्रक्रिया थांबवणं, वॉर्डात माणसं कमी असताना नवी भरती दुसऱ्या मजल्यावर पाठवायला सांगणं, ही त्याची उदाहरणं. आमची कसोटी साधी आहे: या कामात सिस्टर ‘थांबा’ म्हणू शकते का, आणि ती म्हणाली तर खरोखर थांबतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ नसेल तर तिला जबाबदारी दिली आहे, अधिकार दिलेला नाही. पुढची सगळी उत्तरं याच कसोटीवर लिहिली आहेत.

२. इन्चार्ज, मेट्रन, क्वालिटी नर्स, इन्फेक्शन कंट्रोल नर्स: यांच्यात फरक काय?

सरकारी हॉस्पिटलात उतरंड ठरलेली आहे: अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. खासगीत त्यांनाच स्टाफ नर्स, इन्चार्ज, डेप्युटी मेट्रन, मेट्रन किंवा नर्सिंग सुपरिंटेंडंट म्हणतात. ही उभी शिडी झाली.

क्वालिटी नर्स आणि इन्फेक्शन कंट्रोल नर्स या आडव्या जागा आहेत. त्या सगळ्या वॉर्डांत फिरतात, मोजतात, त्रुटी दाखवतात. इन्फेक्शन कंट्रोल नर्सचा दिवस कॅथेटर, सेंट्रल लाइन, व्हेंटिलेटर, हात धुणं, सुईची इजा आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे पिवळे, लाल, पांढरे, निळे डबे यांत जातो. क्वालिटी नर्स रुग्णांचं पडणं, औषधांच्या चुका, बेडसोर (पडून राहिल्याने त्वचेला होणारी जखम), नोंदी आणि मानांकनाचं (हॉस्पिटलच्या दर्जाची बाहेरून होणारी तपासणी) काम बघते. या दोघींनी थेट मेडिकल सुपरिंटेंडंट किंवा संचालकांना अहवाल द्यावा. ज्या इन्चार्जचं ऑडिट करायचं तिच्याच हाताखाली त्यांना बसवलं तर आकडे गोड होतात.

३. आमचं ३० खाटांचं नर्सिंग होम आहे. वेगळी क्वालिटी नर्स परवडत नाही. मग?

वेगळी नेमू नका, पण वेळ वेगळा काढा. अनुभवी सिस्टरला आठवड्यातून दोन दिवस चार-चार तास रुग्णांच्या जबाबदारीतून पूर्ण मोकळं करा आणि ते तास रोस्टरवर (पाळ्यांच्या तक्त्यावर) छापा. ‘काम सांभाळून जमेल तसं बघ’ असं म्हणाल तर पहिल्या पावसाळ्यात, डेंग्यूच्या भरतीत, ते काम संपतं. त्या आठ तासांत प्रश्न ४ मधले तीनच आकडे काढा. तीन आकडे नीट निघाले तर ते पंधरा ढोबळ आकड्यांपेक्षा कामाचे असतात.

४. नेमके कोणते आकडे ठेवायचे आणि ते काढायचे कसे?

नर्सिंगच्या हातात जास्त असलेले निवडा: रुग्ण पडणं, हॉस्पिटलात झालेला बेडसोर, इंट्राकॅथच्या (सलाईनसाठी हाताच्या नसेत लावलेल्या नळीच्या) जागेची सूज, कॅथेटरमुळे झालेलं लघवीचं इन्फेक्शन, औषधांच्या चुका आणि हात धुण्याचं प्रमाण.

पडणं आणि बेडसोर १,००० रुग्ण-दिवसांमागे मोजतात. रोज रात्री १२ वाजता वॉर्डात किती रुग्ण आहेत ते लिहा आणि महिन्याची बेरीज करा. सरासरी २४ रुग्ण आणि ३० दिवस म्हणजे ७२० रुग्ण-दिवस. दोन जण पडले असतील तर २ भागिले ७२० गुणिले १,००० म्हणजे २.८. कॅथेटरचं इन्फेक्शन मात्र रुग्ण-दिवसांवर काढायचं नाही, कॅथेटर-दिवसांवर काढायचं: त्याच वेळी किती जणांना कॅथेटर आहे ते मोजायचं. २१० कॅथेटर-दिवसांत ३ इन्फेक्शन म्हणजे १४.३. सेंट्रल लाइन आणि व्हेंटिलेटरचंही असंच.

चुका कुठे होतात तेही बघा.

कॅथेटर: लघवीचं कल्चर (जंतू शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आलं की लगेच इन्फेक्शन धरतात. ताप, ओटीपोटात दुखणं यांसारखं लक्षण नसेल तर ते मोजणीत येत नाही. कॅथेटर दोन दिवसांपेक्षा जास्त राहिलेला असणंही आवश्यक आहे.

बेडसोर: भरतीच्या वेळी पाठ, माकडहाड आणि टाचा कुणी बघितल्याच नसतील, तर घरून आलेली जखमही तुमच्या वॉर्डाच्या नावावर चढते. भरती झाल्यावर पहिल्या काही तासांत दोघींनी मिळून त्वचा तपासा आणि लिहा. पहिल्या टप्प्यात लाल भाग बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही, असं पुस्तकात आहे. सावळ्या-काळ्या त्वचेवर ही लाली दिसतच नाही. तिथे हाताच्या पाठीने स्पर्श करून बघा: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरं लागलं तर तोच पहिला टप्पा समजा. बेडसोरचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन स्केलवर १८ किंवा कमी गुण आले (गुण कमी तितका धोका जास्त) की कूस बदलण्याचा तक्ता सुरू करा.

इंट्राकॅथ: अपारदर्शक चिकटपट्टीच्या थरांखाली जागा दिसत नाही, म्हणून ‘सूज नाही’ असं लिहिलं जातं. पारदर्शक पट्टी वापरा आणि प्रत्येक पाळीला नसेची सूज मोजणारा ० ते ५ चा व्हीआयपी स्कोअर लिहा. २ आला की जागा बदला, नस आणखी खराब व्हायची वाट बघू नका.

५. घटना कळवायला सांगितल्यावर आमचा आकडा दुप्पट झाला. वॉर्ड बिघडला का?

बहुधा नाही. आधी लपत होतं ते आता दिसतंय. औषधांच्या ‘होता होता टळलेल्या’ चुकांची संख्या वाढली, तर सिस्टर्सना भरवसा वाटू लागल्याचं ते लक्षण आहे. प्रत्यक्ष इजा झालेल्या घटना मात्र वेगळ्या मोजा. त्या वाढल्या तर खरोखर बघायला हवं.

एका महिन्याच्या आकड्यावरून कुणाला शाबासकीही देऊ नका आणि बोलही लावू नका. निदान बारा महिन्यांचे बिंदू कागदावर मांडा, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा. सलग सहा बिंदू मध्यकाच्या एकाच बाजूला आले तर बदल खरा आहे. छोट्या हॉस्पिटलात घटना इतक्या कमी असतात की महिन्याचा दर शून्य आणि तीन यांच्यात उड्या मारतो. तिथे दोन घटनांमधले दिवस मोजा. ‘मागचा रुग्ण पडला त्याला ४१ दिवस झाले’ हा आकडा नर्सिंग स्टेशनवरच्या पांढऱ्या फळ्यावर कुणालाही कळतो.

६. चूक कळवली की मेमो मिळतो. मग कोण कळवेल?

कोणीच नाही, आणि त्यात सिस्टर्सचा दोष नाही. व्यवस्थापनाने तीन गोष्टींत फरक करायला हवा. दोन सारख्या दिसणाऱ्या अँप्युलमधली चुकीची उचलली ही अनवधानाने झालेली चूक: तिथे सिस्टरला आधार द्यायचा आणि अँप्युलची जागा बदलायची. वेळ नाही म्हणून सगळेच रुग्णाचा हातपट्टा न बघता औषध देतात ही लागलेली सवय: तिथे समजवायचं आणि वेळ का पुरत नाही ते शोधायचं. दारू पिऊन ड्यूटीवर येणं ही बेपर्वाई: मेमो तिथे.

तपासात ‘कोणी केलं’ याच्या आधी ‘त्या वेळी काय परिस्थिती होती’ हे लिहा. रुग्ण पडण्याच्या घटना घड्याळाच्या काट्यावर मांडून बघितल्या तर त्या पुष्कळदा रात्री आणि पहाटे, संडासला जाताना घडलेल्या दिसतात. मग कागद चाळला की फ्युरोसेमाइडचा (लघवी वाढवणाऱ्या औषधाचा) दुसरा डोस रात्री ८ ला दिलेला आढळतो. डॉक्टरांशी बोलून तो दुपारी ४ ला घेता आला, तर रुग्णाला रात्रभर उठावं लागत नाही. अशा वेळी ‘सिस्टरचं लक्ष नव्हतं’ असा निष्कर्ष काढला तर पुढचा रुग्णही पडतोच.

७. रात्री डॉक्टरांना फोन केला की ‘एवढ्यासाठी उठवलं?’ ऐकावं लागतं. केव्हा करायचा आणि कसा?

आकडा हातात असला की वाद मिटतो. त्यासाठी तब्येत किती बिघडतेय ते दाखवणारा न्यूज-२ स्कोअर वापरा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१२ मध्ये आणला आणि २०१७ मध्ये सुधारला. श्वास, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, अशा सात गोष्टींना गुण असतात.

समजा हर्नियाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशीचा रुग्ण आहे. श्वास २२ (२ गुण), ऑक्सिजन ९५ टक्के (१), ऑक्सिजन लावलेला नाही (०), बीपी १०४ (१), नाडी १०४ (१), ताप १०१ फॅरनहाइट (१), पूर्ण शुद्धीत (०). सुटा सुटा बघितला तर यातला एकही आकडा कुणाला घाबरवत नाही. बेरीज ६ होते. ५ किंवा ६ म्हणजे डॉक्टरांनी तातडीने बघायचं आणि दर तासाला नोंद घ्यायची. ७ किंवा जास्त म्हणजे आणीबाणी. एकाच गोष्टीचे ३ गुण आले तरीही डॉक्टरांना कळवायचं.

फोन असा करा: ‘सर, सर्जिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. बेड १२, काल हर्नियाचं ऑपरेशन झालंय. स्कोअर ६ आहे, रात्री ९ ला २ होता. श्वास २२, ताप १०१. मला इन्फेक्शनची शंका येतेय. तुम्ही १५ मिनिटांत बघायला यावं. तोवर सीबीसी आणि कल्चरसाठी ब्लड काढून ठेवू का?’ काय हवं ते शेवटी स्पष्ट मागायचं. ‘जरा बरं वाटत नाहीये पेशंटला’ एवढंच सांगितलं की उत्तरही तेवढंच मोघम येतं.

आरएमओ (हॉस्पिटलात हजर असलेले निवासी डॉक्टर) १५ मिनिटांत आले नाहीत तर कन्सल्टंट, तेही उचलत नसतील तर मेडिकल सुपरिंटेंडंट. ही साखळी लेखी असावी, नंबरांसह, फोनशेजारी चिकटवलेली. तिच्यावर ‘वरच्यांना फोन केल्याबद्दल सिस्टरला जाब विचारला जाणार नाही’ असं वाक्य आणि संचालकांची सही हवी. ते वाक्य नसेल तर तो कागद भिंतीवरच राहतो.

हे सगळं एका जागी कोसळतं: श्वास मोजलाच जात नाही. टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास यांच्या तक्त्यावर) वीस रुग्णांचे श्वास १८ आणि २० असे ओळीने दिसले, तर ते मोजलेले नाहीत. तब्येत बिघडताना श्वास बहुतेकदा सगळ्यांत आधी बदलतो. नाडीवर बोटं तशीच ठेवून छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. श्वास मोजतोय हे रुग्णाला कळलं की तो वेगळा श्वास घेतो.

हा स्कोअर १६ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर बायकांना लावू नका, त्यांच्यासाठी वेगळे तक्ते आहेत. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) ज्या रुग्णाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याची ऑक्सिजन पट्टी वेगळी असते (लक्ष्य ८८ ते ९२ टक्के), पण ती डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच वापरायची.

८. फोनवर दिलेली ऑर्डर घ्यावी का? व्हॉट्सॲपवर आली तर?

तातडीच्या वेळी घ्यावी. आधी लिहायची, मग लिहिलेलं वाचून दाखवायचं, डॉक्टरांकडून ‘बरोबर’ ऐकायचं, वेळ आणि नाव टाकायचं, आणि हॉस्पिटलच्या धोरणात ठरलेल्या मुदतीत (बहुतेक ठिकाणी २४ तास) त्यांची सही घ्यायची. आकडे सुटे वाचा: ‘पंधरा, एक-पाच’. इंग्रजीतले फिफ्टीन-फिफ्टी फोनवर सारखे ऐकू येतात, आणि एकोणसाठ की एकोणसत्तर हा घोळ मराठी माणसांचाही होतो. केरळहून नुकत्याच आलेल्या सिस्टरचं तर विचारूच नका. केमोथेरपीची ऑर्डर फोनवर कधीही घेऊ नये.

व्हॉट्सॲपवर केसपेपरचा फोटो खासगी ग्रुपवर टाकणं हा रुग्णाच्या गोपनीयतेचा भंग आहे. तिथे आलेली ऑर्डरही तोंडी ऑर्डरच समजा आणि वरचीच पद्धत पाळा.

९. इन्सुलिन तर रोजचंच आहे. त्यालाही दोघींनी का तपासायचं?

कारण आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची अशी दोन्ही इन्सुलिनं मिळतात. ४० साठी लाल टोपीची सिरिंज, १०० साठी केशरी टोपीची. रात्री केशरी सिरिंज संपलेली असते, आणि १०० ची व्हायल लाल सिरिंजमध्ये ‘२०’ च्या रेघेपर्यंत भरली जाते. ती रेघ म्हणजे अर्धा मिली. अर्ध्या मिलीत १०० च्या व्हायलमधली ५० युनिटं येतात. वीसऐवजी पन्नास, म्हणजे अडीच पट, आणि पहाटे चारला रुग्ण घामाने भिजलेला, बेशुद्ध. सिरिंजवर रेघ मात्र बरोबर ‘२०’ दाखवत असते, म्हणून नुसती सिरिंज बघून ही चूक सापडत नाही. व्हायल आणि टोपी दोन्ही शेजारी धरून बघायची. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे वॉर्डात एकाच ताकदीचं इन्सुलिन आणि त्याचीच सिरिंज ठेवणं. रुग्णाने घरून आणलेलं इन्सुलिन वेगळ्या डब्यात.

हेपॅरिनचंही (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचंही) तसंच: १,००० युनिट प्रति मिली आणि ५,००० युनिट प्रति मिली, दोन्ही व्हायल ५ मिलीच्याच. पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलीच्या अँप्युलमध्ये (१५ टक्के) २० मिलीइक्विव्हॅलंट असतं. ते पातळ न करता नसेत गेलं तर हृदय थांबतं. ते वॉर्डाच्या सर्वसाधारण ट्रेमध्ये ठेवूच नका.

दुहेरी तपासणी म्हणजे दुसरीने पहिलीचं उत्तर न ऐकता स्वतः हिशेब करायचा. ‘वीस युनिट भरलंय, बघ गं’ म्हटलं की दुसरी वीसच बघते.

१०. पाळी बदलताना हँडओव्हर किती वेळाचा असावा?

दर रुग्णामागे दीड-दोन मिनिटं, तेही रुग्णाच्या खाटेशी. म्हणजे सहा रुग्णांना साधारण दहा-बारा मिनिटं, आणि रोस्टरमध्ये दोन पाळ्या तेवढ्या वेळासाठी एकमेकींवर चढलेल्या हव्यात. सलाईनचा वेग, पंपावरचा आकडा, ड्रेनची बाटली, इंट्राकॅथची जागा दोघींनी डोळ्यांनी बघायची. राहिलेले रिपोर्ट सांगायचे. शेवटी एक वाक्य नक्की सांगायचं: ‘या पेशंटचं माझ्या मागे काय बिघडू शकतं.’ रुग्णाला इतरांपासून लपवून ठेवायच्या गोष्टी (एचआयव्हीचा रिपोर्ट, घरातली भांडणं) खाटेशी बोलू नका, त्या स्टेशनवर.

११. डॉक्टरांना न विचारता कॅथेटर काढण्याचा अधिकार सिस्टरला देता येतो का?

देता येतो, लेखी प्रोटोकॉल करून. हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीने आणि विभागप्रमुखांनी त्यावर सही करायची, आणि त्या डॉक्टरांच्या रुग्णांना तो लागू असल्याचं केसपेपरवर नमूद करायचं. मग सिस्टर रोज सकाळी यादी बघते: लघवी अडली आहे का, अत्यवस्थ रुग्णाची दर तासाची लघवी मोजायची आहे का, माकडहाडाजवळ उघडी जखम असून लघवीवर ताबा नाही का, शेवटच्या आजारात आरामासाठी हवा आहे का. एकही कारण नसेल तर काढायचा. ‘म्हातारे आहेत, उठवणं अवघड जातं’ हे कारण यादीत नाही.

फुग्यात १० मिली भरलं होतं तर १० मिलीच परत आलं का ते बघा, पूर्ण रिकामा झाल्याशिवाय ओढू नका. काढल्यानंतर सहा तासांत लघवी झाली नाही किंवा ओटीपोट फुगलं तर डॉक्टरांना कळवा. अपवाद पक्के लक्षात ठेवा: प्रोस्टेट, मूत्राशय किंवा मूत्रनलिकेच्या ऑपरेशननंतरचा कॅथेटर सर्जनच्या लेखी ऑर्डरशिवाय कधीही हलवायचा नाही. प्रोटोकॉलवर हा अपवाद लाल अक्षरांत सर्वांत वर असावा.

१२. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सर्जन ‘टाइम आउट’ला थांबत नाहीत. आम्ही कसं थांबवणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्जिकल चेकलिस्टमध्ये १९ मुद्दे आणि तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी (हाच ‘टाइम आउट’), रुग्ण ओटीबाहेर नेण्याआधी. मधला थांबा चुकतो. एक साधा उपाय बहुतेक ठिकाणी चालतो: टाइम आउट मोठ्याने वाचून होईपर्यंत स्क्रब नर्सने (सर्जनच्या हातात अवजारं देणारी) ब्लेड हँडलला लावायचंच नाही. हा ओटीचा नियम म्हणून ओटी कमिटीने आधी मंजूर केलेला हवा. ऐनवेळी एकट्या सिस्टरने ताठर भूमिका घेतली असं तिच्यावर येता कामा नये. आदल्या दिवशी भरून ठेवलेले चेकलिस्टचे कागद दिसले, तर त्या ओटीत चेकलिस्ट नाहीच असं समजा.

१३. संमतीपत्रावर सही घ्यायला डॉक्टर आम्हाला पाठवतात. घ्यावी का?

समजावणं हे डॉक्टरांचं काम आहे: काय करणार, धोके काय, दुसरे पर्याय कोणते. साक्षीदार म्हणून तुमची सही फक्त ‘या माणसाने माझ्यासमोर सही केली’ एवढंच सांगते. रुग्ण म्हणाला ‘मला काही कळलंच नाही’, तर कागद परत घ्या, डॉक्टरांना बोलवा आणि नर्सिंग नोट्समध्ये वेळेसह लिहा. पुण्यात बार्शी-बीडकडून आलेली, किंवा उत्तर भारतातून बांधकामावर आलेली माणसं इंग्रजी फॉर्मवर अंगठा देतात. त्यांच्या भाषेतला फॉर्म मागणं हे नर्सचं काम आहे आणि ते तिने हट्टाने करावं.

१४. एका नर्समागे किती रुग्ण असावेत? आणि किती माणसं नेमावी लागतात?

आधी विचारा: हे प्रमाण पाळीचं की एकूण पटावरचं? पुष्कळ भांडणं इथेच होतात. मानांकनाच्या कामात सर्वसाधारणपणे वॉर्डात पाळीला १:६, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला १:१ आणि आयसीयूतल्या इतर रुग्णांना १:२ धरतात.

आता हिशेब. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर वर्षाला ३६५ गुणिले ३, म्हणजे १,०९५ पाळ्या. एक सिस्टर ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि समजा ३५ रजा-सण वजा जाता २७८ पाळ्या करते. १,०९५ भागिले २७८, जवळजवळ ४. म्हणजे पाळीला एक हवी तर पटावर चार हव्यात. ३० खाटांना पाळीला ५, म्हणून २०. इन्चार्ज यात धरायची नाही. मालकांना ‘आमच्याकडे १० सिस्टर आहेत, म्हणजे १:३’ असं वाटतं, तेव्हा प्रत्यक्षात रात्री दोघीच असतात.

२०१४ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात युरोपच्या नऊ देशांतल्या ३०० हॉस्पिटलांमधले ४ लाखांहून अधिक शस्त्रक्रियेचे रुग्ण तपासले होते. नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. माणसं मागताना हा आकडा आणि तुमचे प्रश्न ४ मधले आकडे दोन्ही समोर ठेवा.

पुण्यापुरतं एक: अनंत चतुर्दशीला पेठांतले रस्ते बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. लक्ष्मी रस्ता-टिळक रस्त्याच्या आसपासच्या हॉस्पिटलांनी त्या दिवशीचा रोस्टर महिनाभर आधी ठरवावा, बदली सिस्टर आदल्या रात्रीच राहायला बोलवावी आणि तिच्या झोपण्या-जेवणाची सोय करावी. ‘कुणी येऊ शकलं नाही म्हणून सलग तिसरी पाळी केली’ अशा वेळी औषधांच्या चुका होतात.

१५. डॉक्टरांनी लिहिलेला डोस चुकीचा वाटला तर देणं नाकारता येतं का?

येतं. नाकारायलाच हवं. ‘डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं’ हे नोंदणीकृत नर्सला पूर्ण संरक्षण देत नाही, तिने स्वतःची समज वापरली का हेही विचारलं जातं. क्रम असा: डोस पुन्हा वाचा, फार्मसीला विचारा, डॉक्टरांना शंका कारणासह सांगा. ‘मी सांगतोय ना, द्या’ असं उत्तर आलं आणि शंका फिटली नाही, तर औषध रोखल्याची वेळ व कारण लिहा आणि प्रश्न ७ मधली साखळी वापरा. नोटमध्ये ‘डॉक्टरांनी चुकीची ऑर्डर दिली’ असं लिहू नका. ‘लिहिलेला डोस अमुक, नेहमीचा कमाल डोस तमुक, अमुक वाजता कळवलं’ असं लिहा.

१६. नर्स प्रॅक्टिशनर झालं की औषधं लिहून देता येतात का?

स्वतंत्र डॉक्टरसारखी नाही. क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तो केलेली नर्स हॉस्पिटलने मंजूर केलेल्या प्रोटोकॉलच्या चौकटीत तपासण्या, औषधं आणि प्रक्रिया सुरू करू शकते. प्रसूतीसाठी मिडवाइफरीचा १८ महिन्यांचा वेगळा अभ्यासक्रम आहे. अडचण बहुधा हॉस्पिटलची असते: अशी नर्स नेमायची आणि तिला स्टाफ नर्सच्याच रोस्टरवर टाकायचं. नेमणूक पत्रात कामांची यादी आणि तिच्या कामाला जबाबदार असलेला डॉक्टर लिहिला नसेल तर ती नोकरी घेण्याआधी तेवढं मागून घ्या.

१७. पुढे जायचं तर कोणतं शिक्षण घ्यावं? जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) असलं तर नेतृत्वाची दारं बंद आहेत का?

बंद नाहीत, पण मेट्रन किंवा प्राध्यापक व्हायचं तर सहसा पदवी लागते. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, मग दोन वर्षांचं एमएस्सी. खाटेशीच राहायचं असेल तर क्रिटिकल केअर, ऑपरेशन रूम, नवजात बालक अशा विषयांतला एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा उपयोगी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्याला सतत शिक्षणाची प्रमाणपत्रं लागतात. ती शेवटच्या महिन्यात गोळा करत बसू नका. १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी नवा आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला आहे, म्हणून नियमांचे नवे आदेश अधूनमधून बघत राहा.

१८. नातेवाईक अंगावर धावून आले तर?

महाराष्ट्राचा २०१० चा वैद्यकीय सेवा संरक्षण कायदा नर्सलाही लागू आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार हॉस्पिटलने द्यावी, एकट्या सिस्टरला चौकीत पाठवू नये.

१९. मी साधी स्टाफ नर्स आहे, ना इन्चार्ज ना क्वालिटीत. मी कुठून सुरुवात करू?

तुमच्या वॉर्डातल्या एकाच गोष्टीपासून, जी तुम्हाला रोज खटकते. समजा इंट्राकॅथ. पुढचे दोन आठवडे एका वहीत रोज लिहा: किती जणांना लावलेलं आहे, किती जणांच्या जागेला सूज आहे, किती जणांना गरज नसताना तसंच राहिलंय. नावं नको, फक्त आकडे. मग एक बदल करा, उदाहरणार्थ लावल्याची तारीख आणि वेळ पट्टीवर पेनाने लिहायची. आणखी दोन आठवडे मोजा. चार ओळींचा तक्ता करून इन्चार्जकडे जा आणि एकच मागणी करा: ‘पारदर्शक पट्ट्या इंडेंटमध्ये (स्टोअरच्या मागणीत) घालूया का?’ नकार आला तर कारण लिहून घ्या, वही चालू ठेवा आणि पुढच्या महिन्याचे आकडे घेऊन परत जा.